बोरजवळा गटाची राहिलेली आंबील

धाराशिव

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी रत्नागिरीच्या घरी, विद्यार्थ्यांच्या कवितांतले जादा झालेले चंद्र खोडत बसले होते. सुनंदा ही माझी वसतिगृहापासूनची मैत्रीण. गेली अनेक वर्षे ती धाराशिवच्या एका शाळेत भूगोल शिकवते आणि नकाशात नसलेल्या गोष्टींवर नकाशापेक्षा अधिक विश्वास ठेवते.

"आमचा एक अख्खा मतदारसंघ मेलाय," ती म्हणाली, "पण त्याचं एक जेवण राहिलंय. येळवसेला ये."

मेलेल्या मतदारसंघाचे जेवण कोण घालते, हे विचारायच्या आत तिने फोन ठेवला. मी उरलेले चंद्र विद्यार्थ्यांना बक्षीस दिले आणि पिशवी भरली.

कोकणातून घाट चढून आलेल्या डोळ्यांना हा मुलूख पहिल्यांदा रिकामा वाटतो. आमच्याकडे दृष्टी दहा पावलांवर कुठल्या तरी माडाला अडते. इथे ती सुटते ती सुटतेच. काळी जमीन, तिच्यावर कणसे धरू लागलेली ज्वारी, आणि मधूनच तुरीच्या वाळत्या शेंगांचा खुळखुळ. हवेला एक कोरडा, भाजल्यासारखा वास होता. पहिला दिवसभर मी ओठांना तूप लावत होते.

संध्याकाळी गुलाबजामची वाटी पुढे ठेवून सुनंदाने मला सारे समजावले. बोरजवळा हा जिल्हा परिषदेचा गट होता. बेंबळीच्या पलीकडची मूठभर गावे मिळून तिथून एक सदस्य निवडून देत. शेवटच्या सदस्याची मुदत संपली, मग प्रशासक आले, मग गटांची नवी रचना आली, आणि तिच्यात बोरजवळा उरला नाही. ओढ्याच्या अलीकडची गावे एका गटाला गेली, पलीकडची दुसऱ्याला.

"आणि जेवण?"

"त्या गटाची एक रीत होती. निवडणुकीनंतर जी पहिली येळवस येईल, तेव्हा पडलेल्या उमेदवारानं निवडून आलेल्याला आपल्या रानात जेवायला बोलवायचं. निवडून आलेल्यानं जायचं, आंबील प्यायची. आंबील पोटात गेली, की पडलेल्यानं एक काम सांगायचं. एकच. त्याला नाही म्हणायचं नाही."

"आणि कुणी नाही म्हटलं तर?"

"आजवर कुणी म्हटलं नाही. म्हणून शेवटच्यानं डोकं चालवलं. तो जेवायलाच गेला नाही."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी या भागातली गावे घरांना कुलपे लावतात आणि सारी माणसे जेवायला शेतात जातात. ओळख नसलेल्या वाटसरूलाही हाक मारून बसवतात. आमच्या शिमग्यात देव माणसांच्या घरी येतो. इथे माणसे उठून पिकाच्या घरी जातात. सुनंदाला शाळेचे काम होते, म्हणून येळवसेच्या आदल्या सकाळी तिने मला बेंबळीच्या एसटीत बसवले. उतरल्यावर कुणाला शोधायचे, हे मात्र सांगितले नाही. "ती तुला शोधेल," एवढेच म्हणाली.

बेंबळी

तिने शोधले. मी एसटीतून उतरून पदर झटकते न झटकते, तोच मागून आवाज आला, "रत्नागिरीच्या बाई तुमीच का? हे धरा." आणि माझ्या हातात एक नवे कोरे मातीचे मडके आले.

अनसाबाई साठीच्या. उंची बेताची, आवाज मात्र रानाच्या मापाचा. बोरजवळा गटाच्या शेवटच्या निवडणुकीत मोजक्या मतांनी पडलेल्या उमेदवार त्याच. उद्याच्या आंबिलीसाठी मडके घ्यायला आल्या होत्या आणि बाजारातल्या प्रत्येक मडक्यावर बोटाने टिचकी मारून, कानाजवळ नेऊन, त्याचा सूर ऐकत होत्या. तिसरे मडके त्यांना पसंत पडले. मला ते पहिल्यासारखेच वाजले.

"पहिल्यात काय वाईट होतं?" मी विचारले.

"त्ये हो हो म्हणत हुतं. मडकं जरा नाराज पायजे."

वाटेत त्यांनी मला गटाचा इतिहास दाखवला. दाखवला हाच शब्द बरोबर, कारण तो कागदावर नव्हता, रस्त्याच्या कडेने उभा होता. पहिले स्थळ म्हणजे एसटीचा निवारा. तीन भिंती, एक पत्रा, आत दगडी बाक. पण उघडी बाजू रस्त्याकडे नसून मागच्या कडब्याच्या गंजीकडे. आत बसलेल्या माणसाला बस सोडून सारे दिसते.

"हे पडलेल्या पाटलानं मागितलं हुतं," अनसाबाई म्हणाल्या. "माज्या दारासमूर निवारा पायजे, म्हनला. निवडून आलेल्यानं दिला की! त्वांड कुनीकडं पायजे ते पाटील म्हनलाच न्हवता."

"मग?"

"मग काय. गाडी आली का बघायला एक मानूस भाईर उभा ऱ्हातो, बाकीचे आत बसत्यात. येकमेकाशी बोलनं आलंच. लई सोयरिकी जमल्या बगा हितं."

पुढे गुरांचा दवाखाना लागला. तो मागणाऱ्याने आपल्या गावी न मागता विरोधकाच्या गावी मागितला होता, कारण त्याची सर्वांत लाडकी म्हैस मुलीबरोबर त्या गावी आंदण गेली होती. त्यापुढे शाळेची एक खोली. आणि एका पडलेल्या उमेदवाराने काहीच न बांधता सांगितले होते की, माझ्या मुलीच्या लग्नात पहिली पंगत तुम्ही स्वतः वाढायची. सदस्याने धोतर खोचून बुंदी वाढली म्हणे, आणि एवढी वाढली की दुसऱ्या पंगतीला उरली नाही.

मी चालता चालता वहीत लिहीत होते. एका मेलेल्या मतदारसंघात जे जे म्हणून उभे होते, ते सारे हरलेल्यांनी मागितलेले होते. जिंकलेल्यांच्या नावाच्या कोनशिला मात्र व्यवस्थित पुसल्या गेल्या होत्या; एकीवर कुणी मिरच्या वाळत घातल्या होत्या.

"आणि तुम्ही काय मागणार?"

अनसाबाई थांबल्या. "त्ये डोळ्यानं बगा. सांगन्यात मजा न्हाय."

वस्ती

ते मी पायांनी पाहिले. अनसाबाईंची वस्ती ओढ्याच्या वळणात, थोड्याशा घरांची; तीन बाजूंना ओढा, चौथीला रान, पण नव्या रचनेत धरलेली पलीकडची. बोरजवळा गावाच्या शिवेवर उभे राहिले की तिची घरे, दोरीवरची लुगडी, उन्हात बसलेले मांजरसुद्धा दिसते. मध्ये फक्त एक शेत. त्या शेताच्या बांधावरून पूर्वी पायवाट होती. आता तिच्या वस्तीकडच्या तोंडावर बोराटीचे काटे रचलेले होते, माणसाच्या छातीएवढे, वर्षांनुवर्षे भर घातलेले. त्यांच्यात चिमण्यांनी संसार थाटले होते.

"शेत कुणाचं?"

"मेंबरचं," अनसाबाई म्हणाल्या. "भगवानराव मेंबर. ज्येनं मला पाडलं त्येचं."

आम्ही वळसा घालून निघालो: ढेकळे, ओढ्यातले गोटे, मग पाणी दिलेली ज्वारी. तिथे माझा डावा पाय पाण्याच्या सारणीत गेला आणि परत आला तो चपलेशिवाय. काळ्या चिखलाने ती इतक्या प्रेमाने धरली, की दोघींनी ओढूनही सोडली नाही. आमची तांबडी माती पाय रंगवते आणि जाऊ देते. ही माती ठेवून घेते. "ऱ्हाऊ द्या," अनसाबाई म्हणाल्या, "उन्हाळ्यात उगवून येईल." एका पायाने लंगडत मी वस्तीवर पोहोचले तेव्हा घड्याळात पुरा तास गेला होता, आणि समोर, हाकेच्या अंतरावर, ते काटे.

अनसाबाईंची सून शोभा चुलीपाशी उंडे वळत होती. बाजरीच्या पिठाचे ते गोळे तिच्या तळहातांत लगबगीने गोल होत. तिला तिसरा महिना होता.

"आषाढात दिवस भरत्यात," अनसाबाई हळू म्हणाल्या. "मागच्या टायमाला बाजंवर घालून चौघांनी ओढ्यातनं नेली. पानी कंबरंएवढं. बाज डोक्यावर धरली तवा पार झाली. तवा म्या ठरीवलं, विलेक्शनला उभं ऱ्हायचं. पडले. म्हनलं बरं झालं, पडलेल्याला तर मागता येतंय."

"आणि आता सरकारदरबारी?"

"वस्ती गेली एका गटात, त्येचं रान दुसऱ्यात. ह्यो मेंबर म्हनंल माजं न्हाय, त्यो म्हनंल माजं न्हाय. अजून विलेक्शनबी न्हाय. मोजनीला दरख्वास्त दिली ती कुनाच्या टेबलाखाली हाय, देव जाने. आता आंबीलच ऱ्हायली."

त्या दुपारी मी भगवानरावांना भेटायला गेले, पुन्हा तासभर चालून, अनसाबाईंच्या चपला घालून. घरापुढच्या जीपवर पाटी होती: सदस्य, बोरजवळा गट. अक्षरे नुकतीच रंगवलेली. भगवानराव गोरे, भारदस्त, इस्त्रीच्या कपड्यांत बसलेले. वही पाहताच त्यांचा चेहरा उजळला.

"काय लिहूलालाव म्याडम?"

"बोरजवळा गटाचा इतिहास."

"मग दुसऱ्या कुनाला इचारू नका." त्यांनी चहा मागवला, साखर जास्त सांगितली. दोन तास ते बोलले आणि खरेच छान बोलले: कुठल्या गावाने कुणाला कसे फसवले, मतमोजणीला कुणी कुठला अंगारा खिशात नेला. शेवटी मी आंबिलीचे विचारले. त्यांनी मिशीवरून बोट फिरवले.

"हे बगा, कायद्यानं बोलायचं तर गट खतम, रीत खतम. गटच न्हाय तर आंबील कशाची?"

"मग जीपवरची पाटी?"

"ती... इज्जत हाय. ती वेगळी."

येळवसेला ते दरवर्षी लेकीकडे, परंड्याला जात. उद्याही जाणार होते, पण दुपारच्या आत पोहोचले म्हणजे झाले. सकाळी मला गटाची जुनी शीव दाखवायचे त्यांनी आपणहून कबूल केले. इतिहासात आपला भाग ठसठशीत यावा, ही इच्छा माणसाला कुठवर चालवत नेते, याचा मला तेव्हा अंदाज नव्हता.

येळवस

पहाटेच वस्ती जागी झाली. डोक्यावर टोपल्या, घोंगड्याखाली झाकलेली भज्जी, मागे मडके घेतलेल्या अनसाबाई. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभी केली होती. तिच्यात पाच दगड चुन्याने रंगवून पांडव म्हणून मांडले होते. पूजा झाल्यावर अनसाबाईंनी पिकाभोवती आंबील शिंपडली आणि कानडी वळणाची एक आरोळी दिली. तिचा अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता. ज्वारीला बहुधा असावा, कारण ती डोलली.

मग त्यांनी मला आंबील दिली. ज्वारीचे पीठ ताकात आंबवलेले, त्यात ठेचलेला लसूण, ओवा, आले. जिभेवर आधी गारवा, मग आंबटपणा, मग खोलवर एक चटका. आमची सोलकढी लाजरी आहे. ही आंबील सासरी नांदलेली बाई आहे, सारे ऐकून घेते आणि शेवटी आपलेच खरे करते.

भगवानरावांबरोबर शीव पाहायला मी निघाले तेव्हा अनसाबाईंनी माझी पाण्याची बाटली काढून घेतली, रिकामी केली आणि आंबिलीने काठोकाठ भरली.

"ऊन हाय. पानी काय प्यायचं सनाच्या दिवशी?"

"एवढी मला नाही संपणार, अनसाबाई."

"न्हाय संपली तर वाटंत कुनाला घोटभर द्या की. सन हाय."

एवढे निरागस डोळे मी फक्त परीक्षेच्या खोलीत पाहिले आहेत. तिथे मी ते लगेच ओळखते. इथे ओळखले नाहीत.

भगवानरावांनी जीप सडकेला ठेवली आणि ते मला बांधाबांधाने घेऊन निघाले. सगळीकडे खोपा, सगळीकडून धूर आणि हाका, "या मेंबर, जेवाय या!" आणि ते प्रत्येक हाकेला हात जोडून, "परंड्याला जायचंय, लेक वाट बघतीया," म्हणत पुढे सरकत. जुन्या शिवेचे दगड त्यांनी मला एकेक करून दाखवले. चालता चालता ऊन वर आले, त्यांच्या बोलण्याला रंग आला, आणि आम्ही कधी त्यांच्याच शेताच्या टोकाशी पोहोचलो ते त्यांच्याही ध्यानात आले नाही. समोर काट्यांचा ढीग. त्यापलीकडे, अगदी जवळ, अनसाबाईंची खोप.

भगवानराव बोलता बोलता थांबले. घसा कोरडा पडला होता.

"म्याडम, पानी हाय का?"

मी बाटली दिली. मी खरेच तहानेचाच विचार केला, हे इथे नमूद करते. वस्तीवर आजही कुणी मानत नाही. त्यांनी मान मागे टाकली, बाटली उंच धरली आणि तोंडभर धार घेतली. मग गाल फुगलेलेच राहिले. डोळे माझ्याकडे वळले. भुवया वर गेल्या.

"आंबील आहे," मी म्हटले. "अनसाबाईंनी दिली."

ज्वारीची पानेही घासायची थांबली असावीत. एका माणसाच्या दोन गालांत एक अख्खी निवडणूक अडकून बसली होती. थुंकावे, तर येळवसेच्या दिवशी, उभ्या पिकात, आंबील थुंकणारा माणूस या जिल्ह्यात अजून जन्मलेला नाही. गिळावे, तर.

काट्यांपलीकडून आवाज आला.

"गिळा भाऊजी, गिळा! लक्षुमी हाय ती, त्वांडात कोंडू नका!"

अनसाबाई काट्यांशी उभ्या होत्या. त्यांच्या मागे शोभा, आणि शोभाच्या मागे हातात वाट्या घेतलेल्या वस्तीतल्या साऱ्या बायका, जत्रेला उभ्या असाव्यात तशा.

भगवानरावांनी जमिनीकडे पाहिले. मग डोळे मिटले. गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. बायकांनी एवढा मोठा श्वास सोडला की काट्यांतल्या चिमण्या उडाल्या.

"बेइमानी हाय ही!" तोंड मोकळे होताच ते गरजले. "वैनी, असं फशीवून पाजतात व्हय? सरळ बोलवायचं!"

"किती वरसं बोलीवलं? दरसाली तुमच्या लेकीला परंड्यात तुमची आठवन येती, ती येळवसेलाच!"

"गट खतम झाला. म्या मेंबर ऱ्हायलो न्हाय."

"मग जीपवरची पाटी काडा. आत्ताच्या आत्ता. शोभे, पान्हा आन गं."

सडकेकडे भगवानरावांची नजर गेली. जीप दूर, उन्हात चमकत होती. मला वाटले, हे वळणार आणि निघून जाणार. मग त्यांनी माझ्या हातातल्या वहीकडे पाहिले. गटाचा सारा इतिहास तिच्यात होता: निवारा, दवाखाना, शाळेची खोली, बुंदी. त्यांच्या नावापुढे मी काहीच लिहिले नव्हते, कारण लिहिण्यासारखे अजून काही झालेच नव्हते. ते कोरे अर्धे पान त्यांनी उलट्या बाजूने वाचले.

"चोरून पाजल्याली म्या धरत न्हाय," ते शेवटी म्हणाले. "रीतसर वाडा."

काटे मध्ये होते, म्हणून ते त्यांच्याच बांधावर, आपल्या बाजूला, मांडी घालून बसले. आपणच रचलेल्या काट्यांवरून त्यांना वाटी, भाकरी, भज्जी, उंडे, गव्हाची खीर अशी एकेक वस्तू हातोहात यावी लागली. खीर येताना थोडी सांडली. बोराटीचा एक फाटा गोड झाला. चिंच, हरभरा, वाटाणा, मेथी, तुरीचे कोवळे दाणे, बेसन या साऱ्यांनी एकमेकांत आपली नावे विसरावीत, अशी ती भज्जी. भगवानराव जेवले आणि मनापासून जेवले. दुसऱ्यांदा भज्जी मागताना त्यांनी आवाज जरा बारीक केला.

मग वाटी उलटी ठेवून ते म्हणाले, "बोला वैनी. काय काम हाय?"

सगळ्यांना ठाऊक होते, त्यांनाही. तरी अनसाबाईंनी पदर सावरला, मान ताठ केली आणि सभेत बोलावे तसे सांगितले, "वस्तीला रस्ता. ह्या बांधावरनं. कायमचा."

"दिला."

एवढे सोपे होते. मला वाटले, संपले. पण दोघेही याच गटात घडलेले होते, आणि त्या निवाऱ्याचे तोंड दोघांनाही आठवत होते.

"पायवाट," भगवानराव लगेच म्हणाले.

"रस्ता म्हनले म्या. बाज चार जन उचलत्यात. चार जन एकामागं एक चालतील व्हय?"

"बरं, बैलगाडी."

"बैलं कुनाकडं ऱ्हायलीत आता? ट्रॅक्टर."

"ट्रॅक्टर गेला तर माझी दोन ओळी ज्वारी जाती!"

"आंबील प्यालाव का न्हाय?"

हे बराच वेळ चालले. त्यात वस्तीतल्या एका उंच बाईने पावलांनी माप घेतले, भगवानरावांनी तिची पावले फार लांब असल्याची हरकत घेतली, मग माझी पावले मागवण्यात आली, पण मी उधारीच्या चपलांत असल्याने ती अनसाबाईंनी नामंजूर केली. शेवटी रुंदीचे पुढे पाहू, आधी काटे तर काढू, असे ठरले.

आता उद्घाटन. भगवानराव उभे राहिले, कपडे झटकले आणि सवयीने हात पुढे केला. "कात्री?"

अनसाबाईंनी काट्यांवरून त्यांच्या हातात कोयता दिला.

त्यांनी पहिला घाव घातला तेव्हा इस्त्रीची बाही फाटली. तिसऱ्याला ते घामाघूम झाले. बायकांनी पलीकडून दाताळ्याने काटे ओढायला सुरुवात केली. हळूहळू त्या ढिगातून एक उजेड दिसू लागला, मग एक पाय जाईल एवढी जागा, मग एक माणूस. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत; हात रिकामे नव्हते.

"दोन शब्द बोलतो," भगवानराव म्हणाले, आणि एका ढेकळावर चढले.

पहिल्या शब्दालाच उंच बाई टोपली घेऊन त्या फटीतून अलीकडे आली. तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. शोभा आली, मधोमध थांबली, दोन्ही हात बाजूंना पसरून रुंदी अंदाजली, आणि सडकेच्या दिशेने चालू लागली, काही काम नसताना, नुसतीच. भगवानराव विकासावर बोलत होते. अनसाबाईही सुनेमागे निघाल्या. बोलणारा एक आणि ऐकणारी मी, असे आम्ही दोघेच बांधावर उरलो. तरी त्यांनी भाषण पूर्ण केले, शेवटी माझे आभारही मानले.

मग ढेकळावरून उतरून ते जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "लिवलं ना म्याडम समदं?"

"लिहिलं."

"तेवढी रुंदी लिवू नका. ती अजून ठरायची हाय."

दूरवर, शेताच्या टोकाशी पोहोचलेल्या अनसाबाईंना ते ऐकू जाणे शक्य नव्हते. तरी त्या तिथूनच वळल्या आणि दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडल्या, "बाई, ट्रॅक्टर लिवा!"

मी ट्रॅक्टर लिहिले.